बाद, वाद, माद: आयरिश शिकताना अभ्यासाचं साहित्य स्वतः कसं बनवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डब्लिनमध्ये पाच वर्षं झाली, वय चाळिशीच्या पुढे, मुलगी शाळेत आयरिश शिकते म्हणून तुम्हालाही हुरूप आला. आठ महिने अ‍ॅपवर न चुकता धडे केले. 'मुलगा सफरचंद खातो' छाप वाक्यं येतात, पण आयरिश रेडिओ लावला की एक शब्द पकडता येत नाही. आता कुणीतरी पाच हजार कार्डांचा (पुढे सूचना, मागे उत्तर, अशी पाठांतराची कार्डं) तयार गठ्ठा पाठवलाय. तो घ्यावा, की स्वतःचं काही बनवावं, आणि बनवायचं तर नेमकं काय?

गठ्ठा घेऊ नका. मी घेतला होता. एका हिवाळ्यात त्यातली चौदाशे कार्डं पाठ केली. मग उन्हाळ्यात डनिगॉलच्या गेल्तख्तमध्ये, म्हणजे जिथे आयरिश अजून रोजच्या बोलण्यात आहे अशा पट्ट्यात, आठवडाभर राहिले. पहिल्याच सकाळी घरमालकीणबाईंनी चहा हवाय का म्हणून विचारलं आणि मी नुसती बघत राहिले. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द माझ्या चौदाशेत होता, फक्त त्या रूपात नव्हता.

तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या आयरिश माणसाला विचारून बघा, शाळेतलं आयरिश काय आठवतं? बरेच जण हसतील आणि एकच वाक्य म्हणतील: 'अन विल क्याद अगम दुल ग जी अन लेहरस?' मी संडासला जाऊ का? तेराएक वर्षं शाळेत भाषा शिकून हे एक वाक्य अजून जिभेवर आहे, कारण त्याची गरज होती. आयरिशमध्ये विचारल्याशिवाय बाई सोडायच्या नाहीत. साहित्य बनवताना पहिली कसोटी हीच लावा: हे वाक्य मला या आठवड्यात कुणाला म्हणायचंय का, किंवा कुणी मला म्हटलंय का? दोन्ही नसेल तर कार्ड बनवायचं नाही.

हे एकच वाक्य उलगडलं तरी बरंच व्याकरण हाती लागतं. 'क्याद' म्हणजे परवानगी, 'अगम' म्हणजे माझ्याकडे. माझ्याकडे परवानगी आहे का, अशी रचना. 'विल' हे मुळात फ ने सुरू होणारं रूप, पण प्रश्नार्थक 'अन' पुढे आल्यामुळे फ चा व झाला. आणि 'ग जी' मधलं 'जी' लिहिताना डी-टी-आय असं लिहितात, त्यातला टी मुका. अशी दहा वाक्यं नीट पचवलीत तर पाच हजार सुट्या शब्दांपेक्षा जास्त भाषा येईल.

(मी इथे आयरिश शब्द देवनागरीत लिहितेय ते वाचताना कानाला कळावं म्हणून. तुमच्या कार्डावर मात्र आयरिश रोमन लिपीतच हवं, स्वरांवरच्या तिरक्या रेघेसकट. ती रेघ म्हणजे आपलं दीर्घ. आपल्याकडे दिन आणि दीन वेगळे, तसं तिकडे 'फ्यार' म्हणजे पुरुष आणि रेघ दिली की 'फेर', म्हणजे गवत.)

आता मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगते ती गोष्ट: कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी लिहू नका, मराठी लिहा. यात भाषाप्रेमाचा भाग नाही, निव्वळ सोय आहे. इंग्रजी सूचना वाचली की डोकं 'असणे, बाळगणे' या अर्थाचं क्रियापद शोधायला लागतं, आणि ते आयरिशमध्ये नाही. मराठीतही नाही. 'ता ल्यौर अगम': माझ्याकडे पुस्तक आहे. 'इस मा ल्युम': मला आवडतं. 'ता ओक्रस ओरम' म्हणजे शब्दशः भूक माझ्यावर आहे, आणि आपल्यालाही भूक लागते, आपण भुकेले 'असत' नाही. होकार-नकाराचंही तेच. आयरिशमध्ये हो आणि नाही यांना स्वतंत्र शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. 'जेवण झालं का?' 'झालं.' हे आपण दिवसभर करतो. माझ्या आयरिश गप्पांच्या गटातल्या इंग्रजी भाषकांना याची सवय व्हायला महिने लागतात.

माणसं मोजण्याचे शब्द हे तर माझं लाडकं उदाहरण. आयरिशमध्ये वस्तूंचे आकडे वेगळे आणि माणसांचे वेगळे. दोघं म्हणजे 'बर्च', तिघं म्हणजे 'त्र्यूर', चौघं म्हणजे 'क्याहरर'. आपली गाडी चौघांवर थांबते आणि पुढे पाचजण, सहाजण सुरू होतं. त्यांची सरळ दहापर्यंत जाते. कार्डावर इंग्रजीत 'दोन माणसं' लिहिलंत तर तोंडातून चुकीचा आकडा येणार. 'दोघं' लिहिलंत तर बरोबर शब्द आपोआप येतो.

मराठी अडचणही करते, आणि ती तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भोवली असणार. आपल्या डोळ्यांना रोमनमध्ये बी-एच दिसलं की भ, टी-एच दिसलं की थ, एम-एच दिसलं की म्ह वाचायची सवय आहे. आयरिशमध्ये बी-एच म्हणजे व, एम-एच म्हणजेही व, टी-एच म्हणजे नुसता ह, आणि एफ-एच म्हणजे काहीच नाही, गप्प. मुलीच्या वर्गात नीव नावाची एखादी मुलगी असेलच, तिचं नाव लिहिलेलं बघा, शेवटी एम-एच आहे. मी पहिली दोन वर्षं मनातल्या मनात 'नियाम्ह' वाचायचे. यावर उपाय एकच: ऐकल्याशिवाय कार्ड बनवायचं नाही. त्यांगलन डॉट आयई या कोश-संकेतस्थळावर बऱ्याच शब्दांचे उच्चार तिन्ही बोलींमध्ये ध्वनिमुद्रित आहेत. आख्खं वाक्य ऐकायचं असेल तर ट्रिनिटी कॉलेजच्या लोकांनी बनवलेलं अबर डॉट आयई आहे. ते यंत्राचं बोलणं असलं तरी आयरिश आवाजांवरून घडवलेलं आहे.

कार्डाच्या रचनेकडे वळू. आयरिशमध्ये शब्दाचं डोकं बदलतं, आपल्याकडे शेपूट. घोडा, घोड्याला; पाणी, पाण्यात. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला 'पाण्यात' शब्दकोशात सापडत नाही, तशीच आपली गत तिकडे होते, फक्त उलट्या टोकाने. या बदलाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला 'शेव्यू', मऊ करणं, लिहिताना एच जोडून. दुसरा 'उरू', झाकणं, म्हणजे मूळ अक्षराआधी दुसरं अक्षर येऊन बसतं आणि मूळ मुकं होतं. होडीला 'बाद' म्हणतात. आता बघा:

त्याची होडी: अ वाद.
तिची होडी: अ बाद.
त्यांची होडी: अ माद.

'अ' तोच. त्याचा, तिचा, त्यांचा, तिन्हीला एकच 'अ'. होडी कुणाची हे फक्त पहिल्या व्यंजनावरून कळतं. म्हणजे जे अक्षर शिकणारे लोक 'बारीकसारीक व्याकरण' म्हणून सोडून देतात, तिथेच अर्थ बसलेला आहे. म्हणून कार्डात रिकामी जागा आख्ख्या शब्दाची ठेवू नका, शब्दाच्या सुरुवातीची ठेवा. पुढे मराठीत प्रसंग लिहा: 'मच्छीमार जोडपं, होडी बायकोच्या नावावर.' खाली आयरिश वाक्य, त्यात होडीच्या शब्दाचं फक्त डोकं गाळलेलं. मागे पूर्ण वाक्य आणि आवाज. माझ्याकडे अशी सुमारे तीनशे कार्डं आहेत आणि बाकीच्या सगळ्या गठ्ठ्यापेक्षा कामाची तीच.

नाम एकटं कधी लिहू नका, 'अन' लावून लिहा. लिंगाची आपल्याला भीती नाही, आपल्याकडे तीन आहेत, त्यांच्याकडे दोनच. पण लिंग कळतं ते 'अन' नंतर काय होतं त्यावरून. खिडकी म्हणजे 'फिन्योग', स्त्रीलिंगी, म्हणून ती खिडकी 'अन इन्योग'. फ गेला. दार पुल्लिंगी, 'दोरस', आणि 'अन दोरस', धक्का नाही. (दार, द्वार, दोरस. घराणं एकच आहे. तू ला 'तू' आणि तीनला 'त्री' म्हणतात. पहिल्या महिन्यात असल्या जोड्या शोधायला मजा येते, पण त्यावर भाषा येत नाही.)

आता रेडिओ. तुम्हाला काही कळत नाही कारण तुम्ही एकदम गप्पांच्या कार्यक्रमाला हात घातलात. रेडिओ ना गेल्तख्तावर, 1972 पासून चालू आहे हा, हवामानाचा अंदाज ऐका. तेच तेच शब्द, ठरलेला क्रम, आणि बाहेर बघितलं की अर्धा अर्थ खिडकीतच. मी दोन हिवाळे हा उद्योग केला, तो असा.

अंदाजातला फक्त चाळीस सेकंदांचा तुकडा घ्यायचा, फोनवर. घरच्या अभ्यासापुरता, कुठे चढवायचा नाही. पहिल्यांदा नुसता ऐकायचा. दुसऱ्यांदा ऐकताना जे कानावर पडेल ते देवनागरीत खरडायचं. हो, इथे देवनागरीच. आपल्या लिपीत द आणि ड वेगळे आहेत, क आणि ख वेगळे आहेत, च आणि च्य वेगळे करता येतात. कान जे पकडतो ते लगेच उतरवता येतं, स्पेलिंगच्या जंजाळात न शिरता. माझ्या पहिल्या वहीत असं आहे: 'ब्ये शे फुअर... अ कुर बाश्ची... सन इअरहर... ग्वी अनिअर'. अर्थ शून्य. मग एकेक तुकडा सोडवायचा. 'ब्ये शे फुअर', थंड असेल. 'अ कुर बाश्ची', पाऊस पडतोय. शब्दशः पाऊस घालतंय, पेरतंय. 'सन इअरहर', पश्चिम भागात. 'ग्वी अनिअर', पश्चिमेकडून वारा. इथे माझी ट्यूब पेटली की पश्चिमेला, पश्चिमेकडे आणि पश्चिमेकडून यांना तीन वेगळे शब्द आहेत, 'हिअर, शिअर, अनिअर', आणि पूर्वेला वेगळे तीन. पुस्तकात हा तक्ता मी आधी वाचला होता, पण तो डोक्यात बसला अटलांटिकच्या वाऱ्यामुळेच.

एका तुकड्याला सुरुवातीला तासभर लागतो. त्यातून निघतात चार, फार तर पाच कार्डं. हे प्रमाण बघून घाबरू नका. त्या तासात तुम्ही तोच तुकडा पंचवीस वेळा ऐकलेला असतो आणि अभ्यास तिथेच झालेला असतो. कार्ड ही नुसती पावती.

तुकडे सोडवताना खरी अडचण येते ती कोशात शब्द न सापडण्याची. त्यासाठी एक उलटा तक्ता स्वतःच्या हाताने बनवा आणि फ्रिजवर लावा. पुस्तकात नियम सुलटा असतो: ब चा व होतो. ऐकणाऱ्याला उलटा हवा: व ऐकला, तर मूळ काय? व ऐकला तर मूळ ब, म किंवा फ असू शकतं. ह ऐकला तर त किंवा स. ख ऐकला तर क. य किंवा घशातून आलेला घ ऐकला तर द किंवा ग. शब्द स्वरानेच सुरू झाला तर कदाचित फ गळलाय. म ऐकला आणि कोशात नाही, तर ब बघा. ग ऐकला तर क, ब ऐकला तर प, न ऐकला तर द. ही अर्ध्या पानाची गोष्ट आहे, पण ज्या दिवशी मी ती लावली त्या दिवसापासून कोश उघडून हताश होणं थांबलं. छापील मजकुरात हा त्रास कमी, कारण लिहिताना मूळ अक्षर तसंच ठेवतात: 'माद' लिहिताना एम-बी असंच लिहितात, म्हणजे डोळ्याला होडी दिसते, कानाला फक्त दिसत नाही.

बोलीबद्दल. तीन आहेत: उत्तरेची अल्स्टर, पश्चिमेची कॉनाक्ट, दक्षिणेची मन्स्टर. कसं काय, हे विचारायलाच तीन तऱ्हा: 'कजे मर अता तू', 'के खी विल तू', 'कॉनस अता तू'. शाळेत आणि सरकारी कागदात चालते ती प्रमाण भाषा, अधिकृत प्रमाणरूप 1958 मध्ये ठरवलं गेलं, पण ते लिहिण्यासाठी आहे. ते कुणाच्या आईची बोली नाही. साहित्य बनवताना एक बोली निवडा आणि सगळे आवाज तिचेच ठेवा. कुठली? ज्या भागातली माणसं तुम्हाला भेटतात ती. कुणीच भेटत नसेल तर ज्या निवेदकाचा आवाज आवडतो त्याची. माझा तो तयार गठ्ठा तिन्ही बोलींची भेळ होता, हे मला डनिगॉलच्या त्या सकाळी कळलं. दुसऱ्या बोलीतलं काही ठेवायचंच झालं तर कार्डाच्या कोपऱ्यात खूण करा आणि ते फक्त ओळखण्यासाठी ठेवा, बोलण्यासाठी नाही.

मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. जरूर घ्या, पण तिच्याकडून घ्या, पुस्तकातून नाही. ती घरी येऊन वर्गातलं जे वाक्य सहज बोलते, ते घ्या. आणि रस्त्यावर फुकट साहित्य लागलेलंच आहे. आयर्लंडभर पाट्या दोन्ही भाषांत, आयरिश वर तिरक्या अक्षरांत. गेल्तख्तमध्ये गेलात की फक्त आयरिश. बसच्या कपाळावर 'आस शेर्विश' दिसलं की ती बस तुमच्यासाठी थांबणार नाही, हे एकदा पावसात उभं राहून शिकलात की विसरणार नाही. स्वच्छतागृहाच्या दारावरचा 'म्ना' हा शब्द मात्र आधीच पाठ करून ठेवा. तो इंग्रजी 'मेन'सारखा दिसतो आणि त्याचा अर्थ बायका.

स्वतः बनवू नये अशाही गोष्टी आहेत. अनियमित क्रियापदं अकराच आहेत, त्यांचे तक्ते शंभर ठिकाणी नीट छापलेले मिळतात. ते रंगीत पेनांनी पुन्हा काढत बसणं म्हणजे अभ्यास टाळण्याचा सभ्य मार्ग. मी स्वतः एक आख्खा रविवार कार्डांचे रंग ठरवण्यात घालवलाय. माझा नियम आता असा: बनवायला वीस मिनिटं, तर वापरायला चाळीस. दिवसाला नवीन कार्डं सहापेक्षा जास्त नाहीत. जे कार्ड पाच वेळा चुकतं ते कार्ड वाईट आहे, आपण नाही. ते फाडायचं आणि तो शब्द दुसऱ्या वाक्यात परत भेटेल याची वाट बघायची. संगणकावर अंकी हे कार्डांचं अ‍ॅप वापरा किंवा कागदी कार्डांसाठी पाच कप्पे करा. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पहिल्यात. पुढचा कप्पा जास्त दिवसांनी उघडायचा. दोन्हीत तत्त्व एकच आहे.

आणि यंत्राकडून वाक्यं बनवून घेऊ नका. भाषांतर करणारी आणि गप्पा मारणारी यंत्रं आयरिश लिहितात, ते वाचायला सफाईदार वाटतं, पण चूक नेमकी शब्दाच्या डोक्याशी असते, जिथे तुम्हाला ती अजून दिसत नाही. माझ्या गटातल्या एका गृहस्थांनी अशी दोनशे वाक्यं पाठ करून आणली होती. 'तिची' आणि 'त्याची' यांची अदलाबदल त्यांच्या जिभेवर इतकी पक्की बसली की सोडवायला वर्ष गेलं. वाक्य माणसाचं असू द्या: रेडिओवरचं, टीजी फोर या आयरिश टीव्ही वाहिनीवरच्या मालिकेतलं, कोशातल्या उदाहरणातलं, शेजारणीचं. स्वतः रचलेलं वाक्य असेल तर ते कार्डात जाण्याआधी कुणाला तरी दाखवा. त्यासाठी 'किर्कल कोरा' असतात, म्हणजे गप्पांचे गट. डब्लिनमध्ये ग्रंथालयात, कॉफीच्या दुकानात भरतात. आम्ही दर शनिवारी जमतो आणि पहिली दहा मिनिटं फक्त एकमेकांची कार्डं तपासतो. सगळ्यांत जास्त चुका मी धरते असं म्हणतात. मला वाटतं सामान्यरूपाची सवय.

परीक्षेचं विचारलंत म्हणून. मेनूथ विद्यापीठाची टेग ही परीक्षा प्रौढांसाठीच आहे, पायऱ्यापायऱ्यांची, अगदी नवशिक्यांपासून. द्यायची असेल तर तोंडी भागासाठी वेगळी कार्डं करू नका. स्वतःबद्दल, घराबद्दल, कामाबद्दल दोन-दोन मिनिटं बोलून फोनवर ध्वनिमुद्रण करा, दुसऱ्या दिवशी ऐका आणि जिथे अडखळलात तिथल्या वाक्याचं कार्ड करा. पुण्याचं घर आयरिशमध्ये कसं सांगायचं हे कुठल्याच गठ्ठ्यात नसतं. माझं पहिलं ध्वनिमुद्रण एक मिनिट दहा सेकंदांचं आहे आणि त्यात सोळा वेळा 'अं' आहे. त्याच्या खाली आठ कार्डांची यादी आहे, पैकी सात आज फाडली गेलीत. उरलेलं एक चहाचं: 'विल तू अ गिअरी कुपान ते?' त्या सकाळी मालकीणबाईंनी हेच विचारलं होतं, त्यांच्या बोलीत.